गोलीचं करिअर ड्राफ्टच्या दिवशी मोजू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर परदेशी लीगमधल्या ड्राफ्टवर, म्हणजे टीमा पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात त्यावर, लेख आला होता. चांगला होता, मेहनत दिसत होती, पण त्यात एक वाक्य असं होतं की ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर गेलेल्या पोराच्या आयुष्याचं सोनं झालं म्हणून समजा. बाकी खेळाडूंचं जाऊ द्या, आइस हॉकीच्या गोलकीपरच्या, म्हणजे गोलीच्या, बाबतीत हे वाक्य साफ आपटतं, आणि ते का आपटतं हे सांगायला म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापलंत तरी चालेल पण आकडे कापू नका प्लीज.

आधी साधा हिशोब बघा. एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मोठी लीग, तिच्यात टीम ३२. मॅचला प्रत्येक टीम १८ स्केटर आणि २ गोली उतरवते, म्हणजे बाकीच्यांना १८ जागा आणि गोलींना २, आणि त्या दोनातला पण एकच खेळतो, दुसरा टोपी घालून बेंचच्या टोकाला बसतो आणि आत बाहेर करणाऱ्यांसाठी दार उघडतो. क्रिकेट टीमबरोबर दौऱ्यावर गेलेल्या दुसऱ्या विकेटकीपरसारखं काम, फक्त हा दौरा कधीकधी दहा वर्षं चालतो. म्हणजे सगळ्या जगातून ६४ जण आणि खरं खेळणारे त्याच्या अर्धे. फॉरवर्डला कसं, चौथ्या लाइनीत का होईना दहा मिनिटं मिळतात, तिथे चमकला की वर जातो. गोलीला अर्धी मॅच मिळत नाही. पुढचा माणूस जखमी होईपर्यंत किंवा घसरेपर्यंत थांबायचं, आणि एकदा संधी आली की तेव्हाच चांगलं खेळायचं, नंतर नाही. त्यातून आलेला माणूस कोणत्या नंबरवर निवडला होता ह्याला काय अर्थ राहतो?

आता माझं आवडतं उदाहरण, २४ जून २०००. त्या वर्षीचा ड्राफ्ट कॅनडात कॅलगरीला होता आणि पहिला नंबर न्यूयॉर्क आयलँडर्सकडे होता. त्यांच्याकडे ऑलरेडी एक तरुण गोली होता, रॉबर्टो लुओंगो, मॉन्ट्रियलचा, १९९७ ला स्वतः चौथ्या नंबरवर निवडलेला, वय फक्त २१. पण त्यांच्या जनरल मॅनेजरला, माइक मिलबरीला, बॉस्टन युनिव्हर्सिटीचा रिक डीपिएट्रो हवा होता, तो पक (हॉकीतली रबरी चकती) इतका छान हाताळायचा की जवळजवळ तिसरा डिफेन्समनच. मग काय केलं, त्याच दिवशी लुओंगो आणि त्याच्याबरोबर ओली योकिनेन हे दोघं फ्लोरिडाला देऊन टाकले, बदल्यात मार्क पॅरिश आणि ओलेग क्वाशा घेतले, आणि पहिल्या नंबरवर डीपिएट्रो. डॅनी हीटली आणि मारियन गाबोरिक हे फॉरवर्ड दोघंही तिथे बसलेले होते, त्यांना सोडून. गोलीला पहिल्या नंबरवर सहसा कोणी हात लावत नाही, त्यानंतर आजपर्यंत फक्त एकदाच झालंय, २००३ ला पिट्सबर्गने मार्क-आंद्रे फ्लूरीला घेतलं तेव्हा.

आणि त्याच ड्राफ्टमध्ये पार खाली, सातव्या राउंडला, २०५ व्या नंबरवर न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमने, रेंजर्सने, एक स्वीडिश पोरगा घेतला. हेन्रिक लुंडक्विस्ट. गंमत म्हणजे त्याचा जुळा भाऊ योएल ६८ व्या नंबरवर डॅलसकडे गेला होता. तो फॉरवर्ड. एकाच घरात, एकाच दिवशी जन्मलेली दोन मुलं, आणि स्काउट लोकांना (खेळाडू हेरणाऱ्यांना) फॉरवर्ड १३७ नंबरने भारी वाटला! ह्यात स्काउटांना मी शहाणपणा शिकवत नाहीये, १८ वर्षांच्या गोलीकडे बघून तो २६ व्या वर्षी कसा असेल हे खरंच कोणाला सांगता येत नाही. शरीर भरायला वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ खेळ वाचायला लागतो, पक कुठून निघणार हे ओळखायला शेकडो मॅच लागतात. म्हणून तर टीमा गोलींना खाली खाली घेतात आणि मग मायनर लीगमध्ये मुरत ठेवतात.

तर ह्या तिघांचं पुढे काय झालं ते बघा.

डीपिएट्रोला सप्टेंबर २००६ मध्ये आयलँडर्सने १५ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. पंधरा! एकूण ६ कोटी ७५ लाख डॉलर, म्हणजे वर्षाला ४५ लाख. तेव्हा लोक हसले होते पण मला प्रामाणिकपणे वाटतं की वर्षाच्या भावात ते वाईट नव्हतं, तो तेव्हा चांगला खेळत होता, २००७-०८ मध्ये ६३ मॅच खेळला. वाईट होतं ते १५ वर्षं हा भाग. कारण नंतर नितंबाचा सांधा, गुडघा, डोक्याला मार, एकामागून एक लागतच गेलं, आणि वर फेब्रुवारी २०११ ला पिट्सबर्गचा गोली ब्रेंट जॉन्सन ह्याच्याशी मारामारी झाली, एका ठोशात डीपिएट्रोच्या चेहऱ्याची हाडं मोडली. (गोली गोलीशी भांडायला पूर्ण बर्फ ओलांडून जातो हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी बघावं, एकीकडे हसू येतं एकीकडे काळजी वाटते.) सगळं मिळून एनएचएलमध्ये ३१८ मॅच. २०१३ मध्ये टीमने कॉन्ट्रॅक्ट मोडलं, उरलेल्याचे २ कोटी ४० लाख डॉलर १६ वर्षांत द्यायचे ठरले, दरवर्षी १५ लाख, २०२९ पर्यंत. लोक ह्याच्यावर मीम बनवतात की बघा घरी बसून पगार घेतोय. अहो त्याला घरी बसायचं नव्हतं हो. ३१ व्या वर्षी त्याचं करिअर संपलं, ज्या वयात गोली नुसता रंगात येतो. त्याच २०१३ ला लीगने नियमच केला की ८ वर्षांच्या वर कॉन्ट्रॅक्ट द्यायचं नाही, अर्थात ह्या एकट्यामुळे नव्हे, अशी लांबलचक कॉन्ट्रॅक्ट बऱ्याच जणांना दिली होती.

इथे सांध्यांबद्दल थोडं सांगतो कारण टीव्हीवर ते दिसत नाही. आजचा जवळपास प्रत्येक गोली बटरफ्लाय खेळतो, म्हणजे गुडघे एकत्र बर्फावर आणि पाय दोन्ही बाजूंना पसरलेले, जेणेकरून खालचा भाग पॅडने पूर्ण बंद. नेट ६ फूट रुंद ४ फूट उंच, पक ३ इंच व्यासाचा १ इंच जाड, साधारण १७० ग्रॅम, रबरी, आणि मॅचच्या आधी फ्रीझ केलेला म्हणजे उडी कमी मारावी म्हणून, आणि तो ताशी १५० किमीच्या वर येऊ शकतो. एवढ्या जवळून डोळ्याने बघून हात न्यायला वेळच नसतो, म्हणून आधीच जागा अडवून बसायचं हा त्याचा सगळा हिशोब. चांगलाच आहे, पण हे खाली बसणं उठणं, खाली बसणं उठणं प्रॅक्टिसमध्ये धरून वर्षाला हजारो वेळा होतं आणि प्रत्येक वेळी मांडीचं हाड खुब्यात आतल्या बाजूला पिळलं जातं. त्यामुळे खुब्याची ऑपरेशनं ही गोलींमध्ये नेहमीची गोष्ट झालीये. लुओंगो पण शेवटी २०१९ ला त्याच्यामुळेच थांबला.

लुओंगोचं सांगायचं तर फ्लोरिडाकडे गेल्यावर पाच सीझन तो रोज रात्री शॉटांचा पाऊस खात होता आणि टीम एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, गेली नाही. २००६ ला व्हँकुव्हरने त्याला घेतलं. मग ११ एप्रिल २००७, त्याच्या आयुष्यातली पहिली प्लेऑफ मॅच, डॅलसविरुद्ध, चार ओव्हरटाइम गेली आणि ह्या पठ्ठ्याने ७२ सेव्ह केले, म्हणजे ७२ शॉट अडवले, टीम ५-४ जिंकली. एनएचएलमध्ये इतक्या वर्षांनी पहिल्यांदा प्लेऑफ खेळायला मिळतं आणि पहिल्याच रात्री बहात्तर. २०१० ला व्हँकुव्हरमध्येच ऑलिम्पिकचं गोल्ड. तो २००८ ते २०१० टीमचा कॅप्टन पण होता, नियमाने गोलीला कॅप्टन करता येत नाही तरी टीमने त्यालाच केलं, जर्सीवर सी लावता येत नव्हता म्हणून त्याने एकदा हेल्मेटवर काढून घेतला.

आणि मग २०११ ची फायनल, स्टॅनली कपची, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची. हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण गोलीचं करिअर काय असतं ते ह्या सात मॅचमध्ये सगळं आहे. समोर बॉस्टन, त्यांचा गोली टिम थॉमस. व्हँकुव्हरमध्ये पहिली मॅच १-०, पाचवी मॅच १-०, दोन्ही लुओंगोचे शटआउट, म्हणजे एकही गोल दिला नाही. पाचव्यात ३१ पैकी ३१ अडवले. मधल्या बॉस्टनच्या दोन मॅच, ८-१ आणि ४-०, ह्यात तोच लुओंगो. पाचव्या मॅचचा एकुलता एक गोल झाला तेव्हा थॉमस नेटमधून बराच पुढे आला होता, पक मागच्या बोर्डावर आपटून परत आला आणि मॅक्सिम लापिएरने आत ढकलला. मॅचनंतर लुओंगो म्हणाला की मला हा सोपा गेला असता, मी आत राहून खेळतो. टेक्निकली शंभर टक्के खरं बोलला! थॉमस पुढे येऊन अँगल कापणारा, लुओंगो आत राहून वेळ घेणारा, दोन स्टाइल आहेत, दोन्हीचे फायदे तोटे आहेत, पुढे येणाऱ्याला असा गोल कधीतरी होणारच आणि आत राहणाऱ्याला वरच्या कोपऱ्यातला. पण पेपरवाल्यांनी ते टोमणा म्हणून छापलं. मग त्याने वर आणखी म्हटलं की मी पूर्ण सिरीज त्याचं कौतुक करतोय, त्याच्या तोंडून माझ्याबद्दल एक चांगला शब्द ऐकला नाही. झालं, अजून तेल ओतलं. पुढच्या मॅचला बॉस्टनमध्ये दहा मिनिटं व्हायच्या आत तीन गोल बसले आणि कोचने त्याला बाहेर काढलं. सातवी मॅच ०-४.

आता सांगा, हा माणूस चोकर का? दोन फायनल शटआउट मारणारा, त्याच्या टीमने सात मॅचमध्ये मिळून आठ गोल केले. आठ! थॉमसने पूर्ण फायनलमध्ये आठच गोल दिले आणि २३८ अडवले, त्या सिरीजमध्ये पलीकडे कोणीही उभा असता तरी हरला असता. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते लुओंगोचं बोलणं आणि ८-१.

थॉमसचं तर अजून वेगळं. १९९४ ला २१७ व्या नंबरवर निवडलेला, ज्या क्यूबेक टीमने निवडला ती टीमच वर्षभरात तिथून हलली. मग हा फिनलंड, स्वीडन, अमेरिकेच्या मायनर लीग, परत फिनलंड असा फिरत राहिला. एनएचएलमध्ये नीट जागा मिळाली तेव्हा वय ३१. बेस्ट गोलीची व्हेझिना ट्रॉफी २००९ आणि २०११ ला, आणि ह्या फायनलनंतर प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ ट्रॉफी, ३७ व्या वर्षी. त्याची स्टाइल म्हणाल तर कुठल्याच कोचिंग कॅम्पमध्ये शिकवणार नाहीत, लोळायचा, पाय झाडायचा, काठी फेकायचा, जे हाताशी येईल त्याने अडवायचा. २५ व्या वर्षी त्याला बघून कुठल्या स्काउटने लिहिलं असतं की हा पुढे कप आणेल?

व्हँकुव्हरने पुढे लुओंगोच्या जागी हळूहळू कोरी श्नायडरला आणलं, मग श्नायडरलाच विकलं, मग लुओंगोला एका ओपन एअर मॅचला बसवलं आणि दोन दिवसांत परत फ्लोरिडाला पाठवलं, मार्च २०१४. त्याचं १२ वर्षं ६ कोटी ४० लाखांचं कॉन्ट्रॅक्ट इतकं अवघड होतं की कोणी घ्यायलाच तयार नव्हतं, त्यानेच कॅमेऱ्यासमोर कबूल केलं होतं की माझं कॉन्ट्रॅक्ट भंगार आहे. पण माणूस टिकला. १०४४ मॅच, ४८९ विजय, २०२२ ला हॉल ऑफ फेम, आणि फ्लोरिडाने त्याचा जर्सीचा १ नंबर कायमचा निवृत्त करून वर टांगला, त्या टीमच्या इतिहासात पहिल्यांदाच एखाद्या खेळाडूचा.

लुंडक्विस्टबद्दल काय लिहू, मी त्याचा फॅन आहे त्यामुळे जरा जास्तच चांगलं लिहिलं जाईल. २०५ नंबरवाला पाच वर्षं स्वीडनमध्येच खेळला, २००५ ला न्यूयॉर्कला आला आणि पहिल्या सात सीझनमध्ये दर सीझनला ३० किंवा त्याहून जास्त विजय. पहिल्याच सीझनच्या मध्ये ट्युरिन ऑलिम्पिकला फायनलमध्ये फिनलंडविरुद्ध ३-२, शेवटच्या काही सेकंदांत फिनलंडचा शॉट त्याने काठीने अडवला आणि गोल्ड. तो शॉट कोणी मारला होता माहितीये? ओली योकिनेन. हो तोच, ड्राफ्टच्या दिवशी लुओंगोबरोबर फ्लोरिडाला पाठवलेला.

पण त्याला कप कधी मिळाला नाही. २०१४ ला फायनलपर्यंत नेलं, लॉस अँजेलिसकडून हरले. १५ सीझन एकाच टीमसाठी, ८८७ मॅच, ४५९ विजय, आणि २०२० ला त्याच टीमने कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं वर्ष विकत घेऊन मोकळं केलं कारण मागून दोन तरुण गोली तयार झाले होते. वॉशिंग्टनशी करार केला तर तपासणीत हृदयाचं निघालं, जानेवारी २०२१ ला ओपन हार्ट सर्जरी, आणि त्या टीमसाठी एकही मॅच न खेळता ऑगस्टमध्ये रिटायर. २०२३ ला हॉल ऑफ फेम. कप नाही म्हणून त्याला कमी लेखणारे लोक आहेत, त्यांच्याशी मी वाद घालणं सोडून दिलंय. गोली गोल अडवू शकतो, करू शकत नाही. (बरं करू शकतो, रॉन हेक्सटॉलने १९८७ ला बॉस्टनच्या रिकाम्या नेटमध्ये पूर्ण बर्फ पार करून मारला होता, पण ते अपवाद.)

थांबण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण डॉमिनिक हाशेक. चेकोस्लोव्हाकियातल्या पार्डुबित्सेचा. १९८३ ला शिकागोने १९९ व्या नंबरवर निवडला, तेव्हा तिथे कम्युनिस्ट राजवट, बाहेर जायची सोय नाही, त्याला स्वतःला पण निवड झाल्याचं नंतर महिन्यांनी कळलं. शिकून शिक्षक होण्याची तयारी पण करून ठेवली होती. अमेरिकेत आला १९९० ला, २५ व्या वर्षी, आणि पुढे कोण तर एड बेलफोर, म्हणजे परत बेंच. १९९२ ला बफेलोला विकला, तिथे पुढे ग्रँट फ्युअर. १९९३-९४ ला फ्युअरच्या गुडघ्याला लागलं तेव्हा कुठे ह्याचं दार उघडलं, वय २८-२९. त्या सीझनला त्याने मॅचला सरासरी १.९५ गोल दिले, दोनच्या खाली वीस वर्षांत कोणी गेलं नव्हतं. एप्रिल १९९४ ला न्यू जर्सीविरुद्ध चार ओव्हरटाइमची मॅच, ७० सेव्ह, १-०. पलीकडे २१ वर्षांचा मार्टिन ब्रोडर होता, जो त्या रात्री हरला, दोन दिवसांनी सातवी मॅच जिंकला आणि पुढे ६९१ विजयांसह सगळ्यात वर जाऊन बसला. एकाला २१ ला मिळालं, एकाला २९ ला, दोघंही हॉल ऑफ फेममध्ये. हाशेकने नंतर ६ व्हेझिना आणि दोनदा हार्ट ट्रॉफी घेतली, म्हणजे पूर्ण लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, गोलीने दोनदा, हे दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. नागानो १९९८ ला सेमीफायनलमध्ये कॅनडाचे पाचही शूटआउट अडवले, फायनल रशियाविरुद्ध १-०.

आणि एनएचएलमधला शेवट कसा? २००८ ला डेट्रॉइटकडे ४३ व्या वर्षी, प्लेऑफच्या पहिल्याच राउंडमध्ये दोन मॅच खराब गेल्या, कोचने क्रिस ऑसगुडला उभं केलं, टीमने कप जिंकला आणि हाशेकने तो बेंचवरून बघितला. जिथून सुरू केलं होतं तिथेच. ह्या धंद्यात कोणाला सुट्टी नाही.

उलटं पण होतं हं. जिम कॅरी (ॲक्टर नाही, हा वेगळा) १९९६ ला वॉशिंग्टनकडून ९ शटआउट मारून व्हेझिना घेऊन गेला, वय जेमतेम २२. पुढच्याच सीझनला बॉस्टनला विकला, १९९९ ला पूर्ण संपला, १७२ मॅच. ग्लव्हच्या बाजूने वर मारा हे सगळ्यांना कळलं असं म्हणायचे. आता त्याला सोनं म्हणायचं की काय म्हणायचं?

डोक्यावर किती ताण येतो ह्याबद्दल पण कोणी लिहीत नाही. ग्लेन हॉल १९५५ ते १९६२ सलग ५०२ मॅच खेळला, मास्क न घालता, आणि मॅचच्या आधी रोज उलटी करायचा. तेव्हा ह्या गोष्टीचे किस्से करून सांगायचे. मास्क पण १ नोव्हेंबर १९५९ ला जॅक प्लांटने चेहरा फुटल्यावर हट्ट करून घातला, टाके घालून आला आणि कोच टो ब्लेकला म्हणाला मास्क नसेल तर मी जात नाही. कोच नाही म्हणूच शकला नाही कारण दुसरा गोलीच नव्हता! दोन गोली ठेवायची सक्ती १९६५ नंतरची. अलीकडे जरा बदललंय, रॉबिन लेनरने २०१८ ला स्वतःच्या व्यसनाबद्दल आणि बायपोलर डिसऑर्डरबद्दल उघड लिहिलं आणि त्याच सीझनला जबरदस्त खेळला, कॅरी प्राइसने २०२१ ची फायनल खेळून काही महिन्यांत लीगच्या मदत कार्यक्रमात नाव दिलं. वर्षाला १ कोटी ५ लाख डॉलर घेणारा माणूस. पैसे असले म्हणजे डोकं शांत राहतं असं नाही.

गोलीची चूक झाली की मागे लाल दिवा लागतो आणि वीस हजार लोक ओरडतात. पॅट्रिक रॉयला २ डिसेंबर १९९५ ला मॉन्ट्रियलमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर डेट्रॉइटने नऊ गोल मारले तरी कोच मारिओ ट्रेंब्ले त्याला बाहेर काढेना, प्रेक्षक खोटं खोटं टाळ्या वाजवायला लागले. शेवटी काढल्यावर रॉय सरळ बेंचमागे बसलेल्या क्लबच्या प्रेसिडेंटकडे गेला आणि म्हणाला ही माझी इथली शेवटची मॅच. चार दिवसांत कोलोरॅडो, आणि जूनमध्ये कप. ती मॅच ११-१ अशी बातमीत आली असणार, पण त्या ११ मागे काय चाललं होतं ते स्कोअरवरून कोणाला कळणार?

शेवटी आकड्यांचा मुद्दा, मग थांबतो. गोलीला मोजायचं मुख्य माप सेव्ह पर्सेंटेज, म्हणजे आलेल्या शॉटांपैकी किती अडवले. ०.९०० आणि ०.९२० ऐकायला सारखंच वाटतं ना? मॅचला ३० शॉट धरा, सीझनला ६० मॅच, झाले १८०० शॉट, फरक निघतो ३६ गोलांचा. एवढ्यात टीम प्लेऑफमध्ये जाते किंवा घरी बसते. आणि तरीही हे माप अर्धंच सांगतं, लांबून आलेला साधा शॉट आणि समोरून एकट्याने येऊन मारलेला दोन्ही एकच मोजले जातात, कमकुवत टीमच्या मागे उभा असलेला माणूस वाईट दिसतो आणि चांगल्या टीमच्या मागचा देव. लुओंगो फ्लोरिडाला होता तेव्हा हेच होत होतं. बॉब्रोव्हस्कीचं बघा, ड्राफ्टमध्ये कोणी घेतलाच नाही, दोन व्हेझिना जिंकल्या, २०१९ ला फ्लोरिडाने ७ वर्षांचे ७ कोटी दिले, तर पुढची तीनचार वर्षं सगळे म्हणत होते की लीगमधलं सगळ्यात वाईट कॉन्ट्रॅक्ट. २०२४ ला कप, २०२५ ला परत कप. आता म्हणणारे सगळे गप्प.

तर संपादक साहेब, मागणी छोटी आहे. ड्राफ्टवर परत लिहाल तेव्हा गोलींचा वेगळा विचार करा, त्यांना निदान दहा वर्षं द्या. आणि तुम्ही आइस हॉकीचा निकाल देता तेव्हा फक्त गोल मारणाऱ्यांची नावं देता, त्याखाली एक ओळ वाढवा: दोन्ही गोलींची नावं, किती शॉट आले, किती अडवले. एका गोलीला मध्येच काढून दुसरा आणला असेल तर ते पण लिहा, कितव्या मिनिटाला काढला ते पण. जागा नसेल तर माझं हे पत्र अर्धं करा, पण ती ओळ द्या. आणि शक्य असेल तर वर्षातून एकदा दुसऱ्या नंबरच्या गोलींवर पण काहीतरी येऊ द्या, जे सीझनला पंधरावीस मॅच खेळतात. फेब्रुवारी २०२० ला कॅरोलिनाचे दोन्ही गोली जखमी झाले तेव्हा टोरांटोत स्टेडियमवर इमर्जन्सी गोली म्हणून ड्युटीला असलेला ४२ वर्षांचा डेव्हिड एअर्स, जो एरवी बर्फ साफ करायची गाडी चालवायचा आणि ज्याला २००४ ला आईने किडनी दिलेली, तो उतरला, पहिले दोन शॉट आत गेले, नंतरचे आठही अडवले, कॅरोलिना ६-३ जिंकली. त्याची बातमी तेव्हा जगभर झाली. त्याच्या आधी जे दोघं जखमी होऊन आत गेले त्यांची नावं जेम्स रायमर आणि पीटर म्राझेक, ती मात्र आज किती जणांना आठवतात?

आपला,
एक नियमित वाचक